उलटी ठेवलेली उत्तरपत्रिका: कॉलेजच्या पहिल्या वर्षात येणाऱ्यांना खुले पत्र

आजवर वर्गात पहिल्या-दुसऱ्या आलेल्या आणि यंदा कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

शाळेत ज्यांना एकेका गुणासाठी झगडावं लागलं, त्यांना या पत्रातलं बरंचसं आधीच ठाऊक असेल. मी ते त्यांच्यापैकीच एकाकडून शिकले. हे पत्र तुम्हाला आहे, ज्यांच्याबद्दल घरीदारी "हिचं काय, हिला येतंच" असं बोललं गेलं. मीही तुमच्यातलीच. गणित घेऊन आता शेवटच्या वर्षाला आहे. गेली दोन वर्षं आठवड्यातली एक संध्याकाळ पहिल्या वर्षाच्या मुलामुलींबरोबर उदाहरणं सोडवायला बसते. तिथे जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते कुणीतरी तुम्हाला आधीच सांगायला हवं, म्हणून लिहिते आहे.

पहिल्या चाचणीची उत्तरपत्रिका सरांनी माझ्या बाकावर ठेवली आणि मी ती लगेच उलटी केली. लाल आकडा तेवढा दिसला होता: वीसपैकी सहा. मग तिची चौघडी घालून वहीच्या शेवटच्या पानात सरकवली आणि पुढचे पाच आठवडे उघडली नाही. चौदा गुण नेमके कुठे गेले, हे पाच आठवडे मला माहीत नव्हतं. आज त्या सहा गुणांचं मला काही वाटत नाही. त्या पाच आठवड्यांचं वाटतं.

काय केलं मी तेवढ्या दिवसांत? घरून फोन आला की "मस्त चाललंय" म्हणायचे. पुढचा बाक सोडून दाराजवळ बसायला लागले. शिकवणं नीट नाही, पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा होता, तपासणारा हात आखडता घेतो, अशी कारणं मनात जुळवली. त्यांतलं एखादं खरं की खोटं हे बघायला उत्तरपत्रिका उघडावी लागली असती, आणि तेवढंच मी करत नव्हते. काही दिवसांनी वारं फिरलं. आपण मुळात हुशार नव्हतोच, शाळा सोपी होती म्हणून निभावलं, इथे आपलं काम नाही, असं वाटू लागलं. हे एका मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "किती नम्र आहेस गं तू." तिच्या बोलण्यात माया होती, पण नाव चुकलं होतं. "पेपर वाईट होता" म्हणताना आणि "मीच वाईट आहे" म्हणताना माझं लक्ष एकाच जागी खिळलेलं होतं: माझ्यावर. उदाहरणाकडे मी दोन्ही वेळा पाठच केली होती.

आता त्या मुलाबद्दल सांगायला हवं.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. शाळेत त्याचे गुण बेताचे होते, आणि हे तो कुणालाही सहज सांगायचा. तिसऱ्याच आठवड्यात, लिमिटची, म्हणजे एका बिंदूच्या जवळ जाताना फंक्शनची किंमत कशाच्या जवळ जाते त्याची, व्याख्या फळ्यावर लिहिलेली असताना, त्याने हात वर करून विचारलं, "सर, यात 'प्रत्येक' हा शब्द आधी आला काय नि नंतर आला काय, फरक काय पडतो?" वर्ग हसला. मी तेव्हा पुढच्या बाकावर होते. मान मागे वळवून त्याच्याकडे बघितलं आणि हसले. माझं बघून आणखी दोघीतिघी हसल्या. सरांनी उत्तर दिलं, त्याने ते लिहून घेतलं. मी लिहून घेतलं नाही. इतकी साधी गोष्ट कुणी लिहून घेतं का, असं मला वाटलं होतं.

चाचणीनंतरच्या पाचव्या आठवड्यात सरांनी मला बोलावलं आणि उत्तरपत्रिका घेऊन यायला सांगितलं. "कुठे अडलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "सगळंच." ते म्हणाले, "सगळंच असं कधी नसतं. बोट ठेव."

बोट ठेवायचं म्हणजे उघडावी लागली. शाळेत लिमिट काढायचं म्हणजे किंमत घालायची आणि उत्तर लिहायचं, एवढंच मला येत होतं. कॉलेजातली व्याख्या वेगळं मागते. समोरच्याने कितीही लहान एप्सिलॉन (उत्तरात चालेल एवढा फरक) दिला तरी त्याला पुरेल असा डेल्टा (बिंदूच्या किती जवळ राहायचं ते अंतर) आपल्याला शोधून दाखवता आला पाहिजे. आधी एप्सिलॉन, मग डेल्टा. समोरच्याने मागायचं, मग आपण द्यायचं. मी सगळीकडे उलटं केलं होतं. आधी एक डेल्टा ठरवून टाकला होता आणि तोच प्रत्येक एप्सिलॉनला पुरेल असं गृहीत धरलं होतं. तसं म्हणायचं तर त्या बिंदूच्या आसपास फलन (फंक्शन) एकाच किमतीवर थिजलेलं असायला हवं; ते तर साफ चूक. तीन उदाहरणं होती आणि तिन्हींत हीच चूक. चौदा गुण एका शब्दाच्या जागेपायी गेले होते. 'प्रत्येक' आधी की नंतर. ज्या प्रश्नाला मी हसले होते, तोच प्रश्न.

सरांच्या खोलीतून बाहेर पडताना मला रडू आलं, पण ते गुणांसाठी नव्हतं.

थोडं विषयांतर करते, कारण ही गोष्ट मला पुढे फार उपयोगी पडली. कॉशी हा ज्यांनी या विषयाचा पाया रचला त्यांच्यापैकी एक. त्याने १८२१ साली असं मांडलं होतं की संतत, म्हणजे मध्येच न तुटणाऱ्या, फलनांची अभिसारी श्रेणी (जिची बेरीज एका ठरावीक उत्तराकडे जाते अशी मालिका) घेतली तर तिची बेरीजही संततच असते. पाच वर्षांनी, १८२६ मध्ये, आबेल या गणितज्ञाने त्याला अपवाद दाखवला. आबेल तेव्हा पंचविशीचाही नव्हता. पुढे हे कोडं सुटलं ते 'एकसमान अभिसरण' ही कल्पना स्पष्ट झाल्यावर, आणि त्या कल्पनेच्या मुळाशी प्रश्न हाच आहे: आधी काय ठरतं आणि नंतर काय, 'प्रत्येक' कुठे येतो. जगातल्या पहिल्या प्रतीच्या गणितज्ञांना जी जागा निसरडी वाटली, तिथे माझा पाय घसरला यात लाज कसली? लाज वाटावी अशी गोष्ट एकच होती. घसरलेली जागा मी पाच आठवडे बघितली नव्हती.

शाळेत आपल्याला नम्रता म्हणजे खाली घातलेली मान शिकवतात. कौतुक झालं की "छे, मी कुठे काय केलं" म्हणायचं, मोठ्यांपुढे आवाज चढवायचा नाही. ते शिष्टाचार आहेत आणि चांगलेच आहेत. मला ते सगळे येत होते. मी फार नम्र मुलगी म्हणून ओळखली जायचे. तरीही मागे वळून हसले. सरांच्या त्या दोन शब्दांनंतर नम्रतेचा माझ्यापुरता अर्थ बदलला. जे येत नाही त्यावर बोट ठेवता येणं, ही नम्रता. "मला सगळं येतं" हे जितकं ढोबळ वाक्य, तितकंच "मला काहीच येत नाही" हेही ढोबळ. दोन्ही आपल्याला बघण्यापासून वाचवतात. "दुसऱ्या पानावरची चौथी ओळ मला कळलेली नाही" हे बोलायला जास्त धीर लागतो, कारण त्यानंतर ती ओळ समजून घ्यावीच लागते.

डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांचं १९९९ सालचं संशोधन आजकाल दुसऱ्याला मूर्ख म्हणण्यासाठी फार वापरलं जातं. मला ते अगदी वेगळ्या कारणासाठी जवळचं वाटतं. त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना तर्क, व्याकरण अशा विषयांच्या चाचण्या दिल्या आणि आपण इतरांच्या तुलनेत कुठे असू, याचा अंदाज करायला सांगितलं. सर्वांत खालच्या चौथाईतले विद्यार्थी शंभरात खालून साधारण बारावे होते आणि स्वतःला बासष्टावे समजत होते. सर्वांत वरचे स्वतःला होते त्यापेक्षा खाली समजत होते, कारण जे आपल्याला सोपं गेलं ते इतरांनाही गेलं असेल, असं त्यांनी धरलं होतं. पण याच अभ्यासाचा पुढचा भाग कुणी सांगत नाही. खालच्या विद्यार्थ्यांना तर्काचं थोडं प्रशिक्षण दिल्यावर स्वतःबद्दलचा त्यांचा अंदाजही सुधारला. म्हणजे आपलं अज्ञान दिसायलाही थोडं ज्ञान लागतं. नम्रता आधी आणि अभ्यास नंतर असं होत नाही. ती अभ्यासाबरोबरच, त्याच हातांनी मिळवावी लागते. शेवटच्या वर्षाला आल्यावर मला जितकं "हे मला येत नाही" म्हणता येतं, तितकं पहिल्या वर्षी म्हणताच आलं नसतं. तेव्हा मला तेवढं दिसतच नव्हतं.

पहिल्या महिन्यात पोटात जो खड्डा पडतो, त्याचं निम्मं कारण साधी मोजणी आहे. शाळेशाळेतून पहिले आलेले एका वर्गात बसवले की त्यांतले बहुतेक पहिले येणार नाहीत. शेरास सव्वाशेर भेटणारच. हर्बर्ट मार्श आणि जॉन पार्कर यांनी १९८४ मध्ये याचाच अभ्यास केला. तेवढ्याच क्षमतेचा विद्यार्थी हुशार मुलांच्या शाळेत गेला की स्वतःला कमी लेखू लागतो. लहान तळ्यातला मोठा मासा मोठ्या तळ्यात लहान दिसतो, मासा तेवढाच असतो. तुमची बुद्धी सुट्टीत कुठे गळून पडलेली नाही. शेजारी बसणारे बदलले आहेत.

आता दुसरी गोष्ट, जिच्यापाशी मी खरी अडले होते. स्वतःहून अभ्यासाला बसणं.

शाळेत माझ्या दिवसाला बाहेरून कड होती. घंटा, गृहपाठ, उद्या विचारणार आहेत ही धास्ती, घरातलं "झालं का?". कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात कळलं की दोन तासांच्या मध्ये तीन तास रिकामे आहेत आणि त्यांचं आपण काय केलं, हे कुणीही, कधीही विचारणार नाही. पहिले काही दिवस ते स्वातंत्र्य वाटलं. नंतर त्याचा भार व्हायला लागला. जिला मी आजवर माझी शिस्त समजत होते, ती निम्मीअधिक इतरांची होती. ते लोक बाजूला झाले आणि ती कोसळली.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग वाचला तेव्हा मी त्यात स्वतःलाच बघितलं. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना मधल्या सत्रात प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे पैसे दिले, काहींना दिले नाहीत. नंतर पैसे बंद झाले. मध्येच संशोधक काही मिनिटं खोलीबाहेर जायचे आणि विद्यार्थी तेवढ्या मोकळ्या वेळात आपणहून काय करतात, ते बघायचे. ज्यांना पैसे मिळाले होते त्यांचा कोड्यांमधला रस कमी झालेला दिसला. मोबदला थांबला आणि हात थांबले. त्याच प्रयोगमालेत, नुसत्या तोंडी कौतुकाने मात्र रस टिकला, वाढलाही. म्हणून मी माझ्या शाळेतल्या शिक्षकांना दोष देत नाही. त्यांनी मनापासून शाबासकी दिली. ती मजुरी म्हणून मोजायला लागले ती मी. मजुरी द्यायला कुणी उरलं नाही तेव्हा मला स्वतःला विचारावं लागलं, हे गणित मला खरंच आवडतं का? पहिलं उत्तर "माहीत नाही" असं होतं. ते खरं उत्तर होतं आणि तिथून सुरुवात करता आली.

आधी मी तेच केलं जे सगळे करतात. भिंतीवर रंगीत वेळापत्रक लावलं. सोमवारपासून पहाटे उठेन, अशी स्वतःला शपथ घातली. रात्री जागून स्फूर्ती देणारी भाषणं ऐकली, आणि ऐकून झाल्यावर अभ्यास केल्यासारखं समाधान घेऊन झोपले. यांतलं काही चार दिवसांपलीकडे टिकलं नाही. स्फूर्ती येईल, मग बसेन, असं म्हणत मी वाट बघत राहिले. ती वाट बघण्यातच पहिलं सत्र सरलं असतं.

टिकलं ते सरांचं "बोट ठेव". एका रात्री मी वहीत एकच ओळ लिहून झोपले: "एक्सच्या वर्गाचं लिमिट सिद्ध करताना डेल्टा एकपेक्षा मोठा का घ्यायचा नाही?" सकाळी उठले ती तो प्रश्न डोक्यात घेऊनच. "अभ्यास करायचा आहे" हे वाक्य ओझ्यासारखं अंगावर येतं, त्याला धरायला मूठच नाही. "डेल्टा एकपेक्षा मोठा का नाही" याला मूठ आहे. तो प्रश्न मला टेबलापाशी ओढून घेऊन गेला, तासाभरात सुटला, आणि सुटताना त्याने पुढचा प्रश्न मागे ठेवला. त्या दिवशी कुणी मला उठवलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं, गुण नव्हते. मला मजा आली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कुणालाही दाखवायचं नसताना.

म्हणून मला नम्रता आणि स्वयंप्रेरणा या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नाहीत. ज्याला सगळं येतं त्याला पुस्तक उघडायचं कारण नाही. ज्याला काहीच येत नाही त्याला उघडून उपयोग वाटत नाही. नेमकं काय येत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच सकाळी उठायला कारण असतं. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे माणसाला आतून चालवणाऱ्या तीन गरजा मांडल्या: हे मी स्वतः निवडलं आहे ही जाणीव, हे मला जमतंय ही जाणीव, आणि माणसांशी जोडलेलं असणं. वहीतल्या त्या एका ओळीत पहिल्या दोन होत्या. तिसरीसाठी मला आणखी थोडं वाकावं लागलं. त्याकडे येतेच.

त्याआधी अभ्यासाच्या पद्धतीबद्दल एक कडू गोष्ट. तुमची जी पद्धत शाळेत चालली, ती बहुधा पुन्हा पुन्हा वाचण्याची असेल. माझीही तीच. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर दोनदा वाचणाऱ्यांना जास्त आठवत होतं, ८१ टक्के, लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्याने तपासलं तर पारडं फिरलं: दोनदा वाचणारे ४२ टक्क्यांवर, आठवून लिहिणारे ५६ टक्क्यांवर. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे आलेलं, असा मनाचा समज होतो. पुस्तक मिटून कोरा कागद पुढे घेतला की तो समज गळून पडतो. म्हणूनच आपण कोरा कागद टाळतो. माझ्या मते कोऱ्या कागदापुढे दहा मिनिटं बसणं हा नम्रतेचा सर्वांत प्रामाणिक सराव आहे, आणि तो कुणाच्याही नकळत, दार लावून करता येतो.

आता ती तिसरी गरज. इथे मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण हुशार मुलं इथेच सर्वांत जास्त मार खातात.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, यूरी ट्रीझमन गणिताच्या पहिल्या अभ्यासक्रमात विद्यार्थी का मागे पडतात, ते शोधत होते. कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथे मोठ्या संख्येने अडखळत होते. प्राध्यापकांना विचारलं तर कारणं तयार होती: जिद्द कमी, पूर्वतयारी कच्ची, घरचा आधार नाही, गरिबी. ट्रीझमन यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि दीड वर्ष त्यांच्या अभ्यासाच्या जागी जाऊन बघितलं. प्राध्यापकांचं एकही कारण टिकलं नाही. ज्यांना जिद्द नाही म्हणत होते, ते विद्यार्थी आठवड्याचे ठरलेले तास इमानदारीने अभ्यास करत होते, पण एकटे. आजवर स्वतःच्या बळावर वर आलेले होते, तेच बळ त्यांना पुरेल असं वाटत होतं. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकटे बसायचे आणि मग एकत्र जमून उत्तरं ताडून बघायचे. एखादं उदाहरण कुणालाच सुटलं नाही की त्यांना कळायचं, उदाहरण अवघड आहे. एकट्याने बसलेल्याला वाटायचं, आपणच कमी आहोत. ट्रीझमन यांनी मग गटाने सोडवायची कार्यशाळा सुरू केली. सोप्या उजळणीची नव्हे, मुद्दाम अवघड उदाहरणांची. तिथे येणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल पार बदलले.

हे वाचताना मला दाराजवळचा माझा बाक आठवला. मदत मागायची नाही, याला मी स्वाभिमान म्हणत होते. "मी माझं बघून घेईन" हे वाक्य ऐकायला किती ताठ कण्याचं वाटतं! पण मी मागे पडले आहे हे कुणाला दिसू नये, म्हणूनच मी ते वापरत होते.

चाचणीनंतरच्या सहाव्या आठवड्यात मी त्या मुलाकडे गेले. वाचनालयात तो आणखी तिघांबरोबर बसायचा. जाताना पायात गोळे आले होते. तो ते हसणं काढेल, असं वाटत होतं, आणि काढलं असतं तर त्याचं चुकलं नसतं. मी म्हणाले, "मला क्रमाचं अजून नीट कळलेलं नाही. तू विचारलं होतंस ते." तो काही बोलला नाही. सरकला आणि बाकावर जागा केली. त्याची वही बघितली तेव्हा पानोपानी समासात लहान लहान प्रश्नचिन्हं होती. काहींवर नंतर बारीक रेघ मारलेली, काही तशीच. जे मी धक्का खाऊन शिकत होते, ते तो शाळेपासून करत आला होता. पहिला नंबर कधी नव्हताच, त्यामुळे सांभाळायचं काही नव्हतं. हसल्याबद्दल मी त्याची माफी मागितली ती खूप नंतर. ती त्याच दिवशी मागायला हवी होती.

दोन गोष्टी मात्र जपून सांगते, कारण नम्रतेच्या नावाखाली बरंच काही खपवलं जातं. कुणी शिक्षक किंवा सीनियर वर्गादेखत तुमचा अपमान करत असेल आणि वर "जरा नम्रता शिका" म्हणत असेल, तर ते शिकवणं नाही. चुकीवर बोट ठेवणारा आणि माणसावर बोट ठेवणारा, यांतला फरक ओळखा. माणसावर बोट ठेवणाऱ्याचं ऐकून घ्यायला तुम्ही बांधील नाही. आणि दुसरी गोष्ट: झोप उडाली आहे, जेवण जात नाही, अंथरुणातून उठवत नाही, असे आठवड्यामागून आठवडे जात असतील तर त्याला आळस म्हणू नका आणि वहीत प्रश्न लिहून ते जाईल, अशी आशाही ठेवू नका. समुपदेशकाकडे, डॉक्टरकडे, निदान एका विश्वासाच्या माणसाकडे जा. तिथेही सुरुवात तशीच होते: कुठे दुखतंय ते सांगण्यापासून.

प्राध्यापकांपैकी कुणी हे वाचत असेल, तर तुमच्याकडे एक मागणं आहे. पहिल्या चाचणीनंतर नुसता आकडा देऊ नका. पाच मिनिटं द्या, मुलाला बोट ठेवायला लावा. आणि वर्ग कुणाच्या प्रश्नाला हसला तर तो तास तिथेच थांबवा.

ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी वरच्या वर्गांतल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आपण इथले नाही असं जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं, आणि ते हळूहळू जातं. मग त्यांनी स्वतःचा अनुभव पुढच्या मुलांसाठी लिहायचा. सगळं मिळून तासाभराचं काम. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेली तफावत निम्म्याने कमी झाली. त्या तासाभरात कुणी त्यांना विषय शिकवला नव्हता. एवढंच कळलं होतं की जे आपल्याला होतंय ते आधीच्यांनाही झालं होतं. हे वाचलं त्या रात्री मी हे पत्र लिहायला घेतलं.

मागच्या वर्षी आमच्या संध्याकाळच्या बैठकीला एक मुलगी आली. शाळेत पहिली आलेली असणार; तिच्या बसण्यावरूनच मला कळलं. वहीतून चौघडी केलेला कागद काढून तिने टेबलावर ठेवला, उलटा. आम्ही काही विचारलं नाही. आमचं उदाहरण चालू होतं, ते चालू ठेवलं. मध्ये दोन वेळा तिचा हात कागदाकडे गेला आणि परत आला. अर्ध्या तासाने तिने तो सरळ केला, दुसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि अगदी हळू विचारलं, "इथे 'प्रत्येक' आधी का आलंय?"

तो मुलगा माझ्या शेजारीच बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, खडू उचलला आणि माझ्या हातात दिला.

तुमची,
शेवटच्या वर्षातली एक विद्यार्थिनी